कुरडयांच्या दिवशी मी गप्प बसले

आमच्या घरात गेल्या सत्तावीस वर्षांत झालेली सगळीच्या सगळी भांडणं मी जिंकली आहेत. समोरच्याने भाग घेतला असता तर निकाल काय लागला असता, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही.

समोरचा म्हणजे आमचे हे. भांडण सुरू झालं की हे गप्प होतात. नुसते गप्प बसले तर एक वेळ चाललं असतं, पण हे कामाला लागतात. माळ्यावरचा स्क्रूचा डबा खाली काढायचा, वर्तमानपत्रावर ओतायचा आणि लहान स्क्रू इकडे, मोठे तिकडे करत बसायचं. मी स्वयंपाकघरातून जसजसा आवाज चढवावा तसतसे स्क्रू अधिक नीट लागत जाणार! साताऱ्यातल्या एकाही हार्डवेअरवाल्याकडे स्क्रूंची इतकी शिस्त सापडायची नाही. त्यावरून आमच्या संसाराचा अंदाज यावा.

माझं माहेर सांगलीचं. (यात सांगलीचा काही दोष नाही, दोष आमच्या घराचाच.) तिथे आई, बाबा, दोन भाऊ आणि मी असे पाचही जण एकदम भांडायचो. पाच बोलणारे आणि ऐकणारा कुणी नाही. मग कुणीतरी चहा टाकायचं, की विषय संपला. कोण काय म्हणालं ते दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनाच आठवायचं, आम्हाला नाही.

अशी मी या घरात आले. पहिल्याच वर्षी एकदा जोरात वाजलं. कशावरून ते आता आठवत नाही. (खोटं कशाला बोलू, चांगलं आठवतंय. आमटीत गूळ घालायचा की नाही, यावरून.) मी ओरडले, "मी चालले सांगलीला!" माहेरी असं कुणी म्हटलं की चार जण दारात आडवे होत. यांनी शांतपणे माझी बॅग उचलली, माझ्याबरोबर स्टँडवर आले, गाडीत चढून खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली हातात दिली आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभे राहिले. तोंडातून अक्षर नाही. मी साताऱ्यापासून कराडपर्यंत रडले. कराडला उतरले, परतीची गाडी धरली आणि घरी आले, तर हे जमिनीवर स्क्रू मांडून बसलेले. "अडवलं का नाही मला?" असं विचारलं, तर म्हणाले, "तुला जायचं होतं ना." पण त्यांचे डोळे सुजलेले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस भांडत नाही असं नाही. तो आतल्या आत भांडतो, आणि तिथे त्याला चहा विचारायलाही कुणी नसतं. त्या दिवशी मी आमटीत गूळ घातला.

एवढं कळल्यावर आपल्याला माणसांतलं सगळंच कळलं, असा माझा समज झाला. त्यात मी पडले प्राथमिक शाळेत शिक्षिका. मध्यंतरी आम्हा शिक्षकांचं समुपदेशनाचं तीन दिवसांचं शिबिर झालं. तिथल्या बाईंनी सांगितलं की काही माणसं भांडणात पुढे धावतात, काही मागे सरतात, आणि दोघांनीही एकेक पाऊल बदलायला शिकावं. मी वहीत सगळं लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारचं सत्र तेवढं माझं चुकलं, कारण घरी गॅसवाला यायचा होता. त्या सत्राचा विषय होता ‘सल्ला कधी देऊ नये’.

आता मूळ गोष्ट. आमची एकुलती एक लेक प्राजक्ता. सांगलीला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, राहते माझ्या भावाकडे. दिसायला वडिलांवर गेली आहे, पण तोंड उघडलं की थेट माझं माहेर. तिचं लग्न ठरलं कराडच्या ओंकारशी. मुलगा इंजिनियर, हुशार, साधा, आणि बोलायला अगदी आमच्या ह्यांच्यासारखा. म्हणजे बोलायला नाहीच. साखरपुडा झाला, मे महिन्यातली तारीख धरली, आणि गेल्या उन्हाळ्यात, लग्नाला जेमतेम दीड महिना उरला असताना, दोघांचं बिनसलं.

झालं असं की कराडला बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी जमली होती. साड्यांचा ढीग पडलेला. त्यात ओंकारची आत्या सहज बोलल्यासारखं म्हणाली की लग्नानंतर रोज सांगलीला जायची यातायात कशाला, नोकरी सोडावी आणि कराडातच काहीतरी बघावं. प्राजक्ताने ओंकारकडे पाहिलं. ओंकार एका साडीचे काठ पाहत होता. प्राजक्ताने पुन्हा पाहिलं. ओंकारने साडी उलटी केली आणि मागच्या बाजूने काठ पाहू लागला! दुकानातून बाहेर पडल्यावर आमच्या लेकीने त्याला भर रस्त्यात अर्धा तास सुनावलं. त्याने ऐकून घेतलं, तिला सांगलीच्या गाडीत बसवलं, आणि त्यानंतर सहा दिवस ना फोन, ना मेसेज. रोज सकाळी उगवत्या सूर्याचं एक चित्र तेवढं यायचं. तेही दोन्ही कुटुंबांच्या ग्रुपवर, सगळ्यांना मिळून एकच.

शनिवारी प्राजक्ता साताऱ्याला आली ती सुजलेले डोळे घेऊनच. अंगठी काढून तिने देवापुढच्या वाटीत ठेवली.

"आई, भांडणारा माणूस मला चालेल गं," ती म्हणाली. "हा भांडतच नाही. मी काय भिंतीशी लग्न करू? उद्यापर्यंत तो काही बोलला नाही, तर सोमवारी अंगठी परत."

ती चिडून बोलत असती तर मी घाबरले नसते, चिडणं आमच्या रक्तातच आहे. पण ती हळू आवाजात बोलत होती. मला तो साताऱ्यापासून कराडपर्यंतचा प्रवास आठवला. माझी पोर त्याच गाडीत बसली होती, आणि ही काही कराडला उतरणारी दिसत नव्हती. चांगला मुलगा आहे, प्रेम आहे, सगळं आहे, आणि केवळ एकाला ओरडता येतं आणि दुसऱ्याला गप्प बसता येतं म्हणून हे मोडणार, या विचाराने मला दुपारचं जेवण गेलं नाही. (संध्याकाळी थोडे पोहे खाल्ले.)

आणि नेमका दुसऱ्या दिवशी कुरडयांचा घाट! लग्नाच्या रुखवतात मांडायच्या म्हणून पाच किलो गहू बुधवारपासून भिजत घातले होते. शनिवारी सकाळी ते वाटून, पिळून चीक काढून ठेवला होता. चीक म्हणजे भिजल्या गव्हाचं ते पांढरंशुभ्र दूध. तो रात्रभर खाली बसतो आणि सकाळी शिजवावाच लागतो. लग्न पुढे ढकलता येईल, चीक नाही. तो आंबून जातो.

कुरडयांच्या बाबतीत आमच्या गल्लीचा शेवटचा शब्द शमाभाभींचा. त्या शेजारच्या, वयाने साठीच्या, यजमानांचं गाद्यांचं दुकान. कुणाच्याही घरचा चीक असो, शमाभाभी आल्याशिवाय शेगडी पेटत नाही. त्यांचा नियम एकच. उकळत्या पाण्यात एकाने बारीक धार धरून चीक ओतायचा, दुसऱ्याने लाकडी दांडक्याने तो सारखा हाटायचा, आणि हाटणाऱ्याने तोंडाने सांगत राहायचं, घाल, थांब, हळू, बास. हात थांबला की गाठी. बोलणं थांबलं तरी गाठी.

हाटायला दणकट हात लागतात. म्हणून मी शनिवारी संध्याकाळी गुपचूप ओंकारला फोन लावला आणि म्हटलं, उद्या सकाळी सहाला ये, चीक हाटायला माणूस नाही. तो बरं म्हणाला. आता इथे थांबायला हवं होतं. पण शिबिरातली वही समोर उघडी होती. मी त्याला सांगितलं, "हे बघ, मनात काही ठेवायचं नाही. प्राजक्ता दिसली की बोलायला लागायचं. जे असेल ते सगळं बोल, मधे थांबू नकोस." तो पुन्हा बरं म्हणाला.

मग मी लेकीच्या खोलीत गेले. तिला म्हटलं, ओंकार उद्या येतोय, आणि तू एक गोष्ट करायची, तोंड मिटून बसायचं. काही झालं तरी दहा मिनिटं एक अक्षर बोलायचं नाही, मग बघ कसा तो आपोआप मोकळा होतो. तिने आधी कटकट केली, मग माझ्या डोळ्यांत पाणी बघून कबूल झाली. एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला सांगायचा नाही, हे शिबिरात सांगितलं होतं. ते मी काटेकोर पाळलं!

यांनी हे सगळं बाहेरच्या खोलीतून ऐकलं होतं. झोपायच्या आधी मला म्हणाले, "उद्या तू मधे पडू नकोस. चीक शिजेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही." हे वर्षातून एखादी गोष्ट मागतात, नाही कसं म्हणणार? मी शब्द दिला.

म्हणजे बघा, रविवारी सकाळी मागच्या अंगणात शेगडीभोवती आम्ही चौघं उभे. बोलणाऱ्या दोघींनी गप्प बसायचं कबूल केलेलं, गप्प असणाऱ्या एकाने बोलायचं कबूल केलेलं, आणि हे नेहमीसारखे. शमाभाभींनी पाण्यात मीठ-हिंग घालून आधण आणलं, ओंकारच्या हातात दांडकं दिलं, प्राजक्ताच्या हातात चिकाचं भांडं दिलं, दोघांना नियम समजावला आणि जुन्या साड्या अंथरायला गच्चीवर गेल्या. समोरच्या किल्ल्यावर नुकतं ऊन आलं होतं.

प्राजक्ताने धार धरली. ओंकार हाटू लागला. सुरुवात तर अशी झकास झाली की मला वाटलं, आजच पत्रिका छापायला टाकाव्यात.

मग ओंकारला माझा सल्ला आठवला. त्याने घसा खाकरला, एका हाताने हाटता हाटता दुसरा हात खिशात घातला आणि चार घड्या केलेला एक कागद काढला. पोराने मुद्दे लिहून आणले होते! आयुष्यात कधी मनातलं बोलला नाही, मग अचानक कसं जमणार? त्याने रात्री बसून तयारी केली होती. आता एका हाताने चार घड्या उलगडत नाहीत. म्हणून त्याने दांडकं पातेल्यात उभं ठेवलं आणि दोन्ही हातांनी कागद धरला.

"मुद्दा क्रमांक एक," ओंकार वाचू लागला. "बस्त्याच्या दिवशी मी बोललो नाही, त्याची पार्श्वभूमी."

पार्श्वभूमी लांब होती. तिकडे धार चालू होती. प्राजक्ताला दिसत होतं की हात थांबलाय, चीक तळाला बसतोय, कडेने गोळे धरायला लागलेत. पण तिने दहा मिनिटांचा शब्द दिला होता, आणि हाटणारा बास म्हणेपर्यंत धार सोडायची नाही हा भाभींचा नियम. तिचे डोळे मोठे मोठे होत गेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि ती ओततच राहिली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी. पाच किलो गव्हाची माती होताना दिसते आहे, आणि बोलायचं नाही! माझ्या घशातून काय आवाज येत होते देव जाणे. शेजारचं मांजर भिंतीवरून उठून गेलं. मी ह्यांच्याकडे बघून हातवारे केले. हे शांतपणे पातेल्याकडे बघत होते, पण कान लाल झालेले.

"मुद्दा क्रमांक दोन," ओंकार म्हणाला, आणि कागद उलटा केला.

"अरे बास! बास! गाठी झाल्या!"

हे ओरडले. आमचे हे! सत्तावीस वर्षांत मी या माणसाचा असा आवाज ऐकला नव्हता. अंगण हादरलं. प्राजक्ताच्या हातातलं भांडं खाली पडलं, ओंकारचा कागद उडून चिकाच्या पाण्याच्या बादलीत गेला, आणि इतका वेळ पाळलेला शब्द मोडून मी दचकून "अगं आई गं!" म्हणाले. पातेल्यातून भुस-भुस आवाज येत होता.

शमाभाभी जिन्यावरून धावत खाली आल्या. पातेल्यात बघितलं. लिंबाएवढ्या गाठी.

"आवं वहिनी," त्या मला म्हणाल्या, "चार माणसं हुबी हायती, आन् कुनालाच तोंड न्हाई व्हय?"

प्राजक्ता खाली बघत म्हणाली की आईने गप्प राहायला सांगितलं होतं. ओंकार चमकून म्हणाला, "मला तर आईंनी बोलायला सांगितलं होतं." मग दोघं एकमेकांकडे बघू लागले, आणि मग दोघं मिळून माझ्याकडे. मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं, पण तोवर हे पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले होते. शमाभाभींनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी गॅस बंद केला, पातेलं खाली घेतलं, चीक दोन परातींत उपसला आणि फर्मान सोडलं, "हात भिजवा आन् गाठी फोडा. गार झाल्या म्हंजी फुटायच्या न्हाईत."

एका परातीशी त्या आणि मी. दुसऱ्या परातीशी ओंकार आणि प्राजक्ता. चीक असला चटका देत होता की विचारू नका. ओंकारचा कागद बादलीत विरघळत होता, त्यामुळे त्याला आता स्वतःचं स्वतः बोलणं भाग होतं. बराच वेळ तो नुसत्या गाठी फोडत राहिला. प्राजक्ताचा धीर सुटला.

"मुद्दा क्रमांक दोन काय होता?" तिने विचारलं.

"आत्याला मी त्याच दिवशी घरी सांगितलं," तो परातीत बघत म्हणाला. "प्राजक्ता नोकरी सोडणार नाही म्हणून. दुकानात सगळ्यांसमोर बोललो असतो तर ती रडली असती. काका गेल्यापासून ती आमच्याकडेच असते."

प्राजक्ताचे हात थांबले. शमाभाभींनी लगेच डोळे वटारले, तशी ती पुन्हा गाठी फोडू लागली. पण आता ती रडत होती.

"मग मला का नाही सांगितलंस? सहा दिवस! मी अंगठी काढून ठेवलीये, ओंकार."

"तू विचारलंच नाहीस. तू सांगत होतीस," तो म्हणाला. "आणि नंतर मला वाटलं, तुझा राग गेला की सांगू. तो गेला की नाही ते कळेना. म्हणून मी रोज सकाळी सूर्य पाठवून बघत होतो. तू अंगठा दाखवतेस का ते पाहायला."

हे ऐकून मलाच भरून आलं. सहा दिवस हा पोरगा ग्रुपवर सूर्य टाकून वाट बघत होता, आणि त्याला अंगठा दाखवत होते मी, माझे दोन भाऊ आणि सांगलीची वहिनी! मला त्या क्षणी बोलण्यासारखं खूप होतं. शमाभाभींनी माझ्या हातावर एक चापट दिली आणि म्हणाल्या, "तुमची परात हिकडं हाय."

मग त्या दोघांचं जे बोलणं झालं ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं. ओंकार म्हणाला की मला भांडता येत नाही असं नाही, काय बोलायचं ते मला उशिरा सुचतं, कधी कधी दोन-दोन तास लागतात. प्राजक्ता म्हणाली की मला दोन मिनिटं सुद्धा थांबवत नाही, तू गप्प झालास की वाटतं आपल्याला सोडून दिलं. दोघांनी एकमेकांना बदलायचं काही ठरवलं नाही. एवढंच ठरलं की गप्प व्हायच्या आधी त्याने "संध्याकाळी बोलतो" असं म्हणायचं आणि संध्याकाळी खरंच बोलायचं. तिने तोवर हवं तेवढं ओरडावं, पण मधे एकदा तरी श्वास घेऊन "तुझं काय म्हणणं आहे?" असं विचारावं. एवढं होईस्तोवर त्यांची परात लोण्यासारखी मऊ झाली होती. आमच्या परातीत अजून गाठी होत्या, कारण माझे कान तिकडे होते.

हे पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा प्राजक्ता हात धुऊन देवघराकडे गेली होती. परत आली तेव्हा अंगठी बोटात होती. हे काही बोलले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, ओंकारच्या पाठीवर एक थाप मारली आणि सोऱ्या भरायला बसले.

कुरडया झाल्या. निम्म्या फुलासारख्या आणि निम्म्या (आमच्या परातीतल्या) पिळून टाकलेल्या फडक्यासारख्या. गच्चीवर शेवटची कुरडई घालताना प्राजक्ता ओंकारला म्हणाली, "आणखी एक अट. आपलं काही बिनसलं तर ते आईला कळवायचं नाही." आणि ज्याला काय बोलायचं ते सुचायला दोन तास लागतात, तो माझा जावई अर्ध्या सेकंदात म्हणाला, "मान्य!"

लग्न छान झालं. नंतर ओंकारच्या आत्याच्या हस्तेच प्राजक्ताला जेवणाचा डबा मिळाला, रोज सांगलीला नोकरीवर न्यायचा. आता वर्ष होत आलं. ती दोघं भांडतात का, कशावरून भांडतात, कोण आधी बोलतं, मला काही माहीत नाही. ह्यांना सगळं माहीत असतं. लेक आणि जावई, दोघंही काही झालं की फोन ह्यांनाच करतात. सल्ल्याला म्हणे बाबांसारखा माणूस नाही, ते काहीच बोलत नाहीत.